झोपेची गोळी एका रात्रीत सोडू नका

‘झोपेच्या गोळ्या आजच कचऱ्यात टाका. रात्री नऊला अंथरुणात शिरा, जायफळाचं दूध प्या, आठ दिवसांत गाढ झोप लागेल. गोळी मनाने कच्च्या माणसालाच लागते.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरतोय. त्यातलं पहिलंच वाक्य जिवावर बेतू शकतं.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम वाढवतात. महिनोन्‌महिने घेतल्या की मेंदूला त्यांची सवय जडते. अचानक थांबवल्या तर हात थरथरतात, जीव घाबरतो, काहींना फिटही येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गटातल्या सगळ्या औषधांवर याबद्दल ठळक इशारा सक्तीचा केला. गोळी बंद केल्यावर डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हा माणूस समजतो की आपल्याला ती जन्मभर लागणार. पण तो त्रास बरेचदा गोळी सुटल्याचा असतो आणि ओसरतो. तिकडच्याच २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के मात्रा कमी करावी, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्रास वाढला तर काही काळ तिथेच थांबावं.

‘नऊला अंथरुणात शिरा’ हा सल्ला तर उपचाराच्या अगदी उलटा आहे. पाच तास झोपणारा माणूस नऊ तास पडून राहिला, तर चार तास तळमळण्यातच जातात. अंथरूण पाहूनच धास्ती बसते. निद्रानाशावर ‘सीबीटी-आय’ ही वर्तनोपचार पद्धत आहे. २०१६ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ही तिथल्या डॉक्टरांची संघटना गोळीआधी तीच सुचवते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, झोप आली तरच आडवं व्हायचं, लागली नाही तर उठायचं. (एकाच खोलीचं घर असेल तर खुर्चीत बसलं तरी चालतं.) अंथरुणातला वेळही सुरुवातीला मुद्दाम कमी करतात. पहिले काही आठवडे दिवसा पेंग येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यांनी, फिटचा किंवा बायपोलरचा (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा) त्रास असणाऱ्यांनी हे मनाने करू नये. फरक पडायला आठ दिवस नव्हे, काही आठवडे लागतात.

दुधात चिमूटभर जायफळ चालेल. चमचाभर घेतलं तर छातीत धडधड आणि भ्रम होऊ शकतात.

‘मनाने कच्चा’ हे मात्र मला सगळ्यात जास्त लागतं. सवय शरीराला जडते. लाजेपोटी माणूस डॉक्टरांपासूनही लपवतो आणि गुपचूप गोळी बंद करून पाहतो. घरात कुणी असं करत असेल तर त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा. कुठे जायचं हे सुचत नसेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.