काउंटबॅक म्हणजे लॉटरी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

गोल्फमधल्या काउंटबॅकवरच्या (बरोबरी झाली की शेवटच्या काही होलांचे फटके मोजून निकाल लावायची पद्धत) माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्लबच्या मेडलमध्ये (एकूण फटके मोजायची स्पर्धा) तुमचा आणि दुसऱ्या एका सभासदाचा नेट, म्हणजे हँडिकॅपची सूट वजा करून, 70, तरी मेडल त्यांना. शॉटगन स्टार्ट होता (सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलांवरून निघतात), तुम्ही दहाव्या टीवरून, म्हणजे दहावा होल जिथून सुरू होतो तिथून, सुरुवात केली, म्हणजे ज्या नऊ होलांवर निकाल लागला ते तुम्ही अंग मोकळं व्हायच्या आत खेळलात. ही लॉटरी आहे, मी कमिटीची तळी उचलतो, आणि टाय सोडवायचा तर जुन्या अमेरिकन ओपनसारखा 18 होलांचा प्लेऑफ (बरोबरीतल्यांचा जादा खेळ) हवा, नाहीतर बक्षीस वाटून द्या.

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. तुमचा हँडिकॅप (कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सूट) 14, ग्रॉस (सूट न धरता) 84, त्यातले 10 ते 18 होलांवर 44. त्यांचा हँडिकॅप 7, ग्रॉस 77, तिथे 40. नऊ होलांसाठी अर्धा हँडिकॅप वजा करायचा: तुमचे 37, त्यांचे साडेछत्तीस. ‘अर्धा फटका कोणी मारून दाखवला?’ हा तुमचा टोला झकास आहे, पण तो अर्धा सोडून दिला तर तुम्ही दोघं 37 वर पुन्हा बरोबरीत. मग शेवटच्या सहा होलांवर एकतृतीयांश हँडिकॅप, तीनवर एकषष्ठांश, आणि अगदीच नाही सुटलं तर अठरावा होल.

आता तुमची खरी कळ. तुमच्या बाजूने बघितलं तर 1 ते 9 वर तुमचे 33 होतात, त्यांचे साडेतेहतीस. म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात शेवटी खेळलेले नऊ धरले असते तर मेडल तुमचं! चिडचिड होणारच. पण शॉटगनमध्ये एक गट पाचव्या टीवरून निघून चौथ्यावर संपवतो, दुसरा तेराव्यावरून बाराव्यावर. प्रत्येकाचे ‘शेवटचे नऊ’ वेगळे धरले तर एकाचे लांबलचक पार फाइव्ह (पाच फटक्यांत अपेक्षित होल) दुसऱ्याच्या आखूड पार थ्रीशी तोलायची वेळ येईल. म्हणून कोण कुठूनही निघो, 10 ते 18 हेच शेवटचे नऊ मानायचे, अशी अट स्पर्धेच्या नियमांत घालता येते. तुमच्या कमिटीने ती आधी लावली होती का, हा प्रश्न मात्र जरूर विचारा. निकालानंतर सुचलेली अट असेल तर मी तुमच्या बाजूने.

18 होलांच्या प्लेऑफबद्दल मात्र माझं अजिबात जुळत नाही. 2008 साली टोरी पाइन्सला टायगर वुड्स आणि रॉको मेडिएट सोमवारी पूर्ण 18 होल खेळले. दोघांचे 71. मग निकाल कशाने लागला? सातव्या होलवरच्या सडन डेथने (जो आधी एखादा होल जिंकेल तो विजेता). वुड्सचा पार, मेडिएटची बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. म्हणजे 90 होल खेळून शेवटी तुमच्या भाषेतली लॉटरीच! वुड्सच्या पायाचं हाड तेव्हा तडकलेलं होतं, ते वेगळंच. त्याआधीचा 1931 चा किस्सा तर याहून भारी. टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबवर बिली बर्क आणि जॉर्ज व्हॉन एल्म 72 होलांनंतर बरोबरीत, 36 होलांचा प्लेऑफ झाला तरी बरोबरीत, पुन्हा 36, आणि बर्क जिंकला एका फटक्याने: 148 विरुद्ध 149. एकूण 144 होल, फरक एकाचा. यातून बर्क श्रेष्ठ ठरला असं कोणाला वाटत असेल तर वाटो. मला तरी ते दोघं तेवढेच चांगले खेळले एवढंच दिसतं. ते तर 72 होलांनंतरही दिसत होतं!

अमेरिकन ओपनने 2018 पासून प्लेऑफला दोन होलांची बेरीज धरायचं ठरवलं, ब्रिटिश ओपन 2019 पासून चारवरून तीनवर आली, पीजीए तीनच, आणि मास्टर्समध्ये थेट सडन डेथ. टोकियो ऑलिंपिकमध्ये एका कांस्यपदकासाठी सात जण अडकले होते, मॅकिलरॉय आणि मात्सुयामा धरून. सातांचा 18 होलांचा प्लेऑफ लावायचा म्हटला असता तर? चौथ्या जादा होलवर चायनीज तैपेईचा सी. टी. पॅन जिंकला आणि विषय संपला.

वाटून घ्यायची सूचना मला मान्य आहे, आणि व्यावसायिक गोल्फ तेच करतो. दुसऱ्या जागेपासून खाली कोणी टाय सोडवत बसत नाही. त्या जागांची रक्कम एकत्र करून सारखी वाटतात. झगडा फक्त पहिल्या नंबरचा. तिथेही 2003 च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकी जगाचा संघ) 17-17 झाल्यावर वुड्स आणि एर्नी एल्स तीन होल खेळले, अंधार पडला, आणि दोन्ही संघांनी कप वाटून घेतला. याउलट रायडर कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप) 14-14 झालं की कप आधीच्या विजेत्याकडेच राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या विजयावर आजची बरोबरी तोलायची, हे मला काउंटबॅकपेक्षा कितीतरी जास्त खटकतं. 1989 ला द बेलफ्रीवर युरोपने तो असाच राखला.

शेवटी तुम्ही स्टेबलफोर्डचं (फटक्यांऐवजी प्रत्येक होलवर गुण द्यायची पद्धत) विचारलंत. तिथे शेवटच्या नऊ होलांचे गुण थेट मोजायचे. हँडिकॅपचे फटके होलनिहाय आधीच मिळालेले असतात, त्यामुळे अर्ध्याची भानगड तिथे येत नाही.