शेतात टिंबो (जुन्या वस्तीचं टेकाड) निघाला तर जमीन जाते का?

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक निरोप फिरतोय. ज्यांची गावाकडे अजून शेती आहे, त्यांनी तर तो हिरिरीने पुढे ढकललाय. मजकूर थोडक्यात असा: शेतात जुनी खापरं, विटा, मूर्ती निघाल्या की सरकार जमीन फुकटात घेतं, म्हणून जेसीबी फिरवा आणि गप्प बसा. अमेरिकेत खासगी संस्था अशा जागा विकत घेतात, म्हणजे वारशाचा बाजारच. घेऊन करतात काय, तर कुंपण घालून पडीक ठेवतात. त्यापेक्षा खोदा, वस्तू म्युझियममध्ये ठेवा, जमीन मोकळी करा. शेवटी ठसक्यात, ‘आपल्याकडे असलं काही करताच येत नाही.’

एकेक मुद्दा बघू.

‘सरकार फुकटात जमीन घेतं.’ खापरं सापडली म्हणून जमीन जात नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात जागा संरक्षित करायची तर आधी अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. संरक्षित झाल्यावरही मालक मालकच राहतो. एक फुटापेक्षा खोल खणायचं नसेल तर त्याला शेतीही करता येते. ही सवलत कायद्यातच लिहिलेली आहे. उत्खननामुळे पिकाचं नुकसान झालं तर भरपाई आहे, आणि सरकारला जमीन हवीच असेल तर मोल देऊन संपादन करावं लागतं. पुरलेलं धन सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडल्यास कलेक्टरला कळवायचं. कुणी वारस पुढे आला नाही आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारनेसुद्धा शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलं नव्हतं.

भीती अगदीच निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट. घराला मजला चढवू पाहणाऱ्या शेजाऱ्याला हे जाचतं, आणि त्याच्या तक्रारीतूनच असले निरोप जन्माला येतात. पण हा नियम संरक्षित जागांपुरता. कच्छ-सौराष्ट्रात शेताच्या मधोमध उभे असलेले कितीतरी टिंबे कुठल्याच यादीत नाहीत. तिथली माती सुपीक म्हणून ट्रॅक्टर भरभरून जाते, जशी महाराष्ट्रात पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची, जाते.

‘खासगी संस्थेने विकत घेणं म्हणजे वारशाचा बाजार.’ इथे निरोप पार उलटा झालाय. अमेरिकेत खासगी जमिनीतले अवशेष साधारणपणे जमीनमालकाचे. १९७९ चा तिथला पुरातत्त्वाचा केंद्रीय कायदा सरकारी आणि आदिवासींच्या जमिनींचं रक्षण करतो, खासगी शेताचं नाही. त्याचा परिणाम १९८७ साली केंटकी राज्यातल्या स्लॅक फार्मवर दिसला. दहा जणांनी मालकाला दहा हजार डॉलर मोजून खोदायचा हक्क घेतला. ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मिसिसिपियन संस्कृतीच्या अखेरच्या काळातली वस्ती आणि दफनभूमी होती. माणसं शेकडो खड्डे पाडत गेली. विकण्याजोगी भांडी उचलली आणि हाडं बाजूला फेकली. शेजारपाजारच्यांनी ओरड केल्यावर पोलीस आले, पण लावायला कलम होतं ते थडग्यांच्या विटंबनेचं, तेही किरकोळ. पुढे केंटकीला कायदा कडक करावा लागला. बाजार म्हणायचा तर तो हा.

याच बाजाराला उतारा म्हणून १९८० मध्ये आर्किऑलॉजिकल कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था निघाली. मुख्यालय न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत. मालकाला भेटायचं, पटवायचं, आणि जमीन विकत किंवा दान घ्यायची. बाजारभावापेक्षा कमी किमतीत विकलं तर फरकाची रक्कम देणगी धरून मालकाला आयकरात सवलत मिळू शकते. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पैसा पडतो आणि दरोडेखोराच्या हातात काही पडत नाही. अशा ५०० हून अधिक जागा संस्थेने वाचवल्या आहेत.

‘कुंपण घालून पडीक ठेवतात.’ हो, ठेवतात, आणि तेच तर मोल आहे. उत्खनन ही वस्तू काढण्याची रीत असली तरी थर एकदाच उलगडता येतो. नंतर उरतात त्या नोंदी, आणि त्या ज्या काळात घेतल्या त्या काळाच्या साधनांइतक्याच चांगल्या. ओहायोतल्या चिलिकोथीजवळचा जंक्शन ग्रुप घ्या. हे मातीचे प्राचीन बांध नांगरून जवळजवळ सपाट झाले होते. मॅग्नेटोमीटर, म्हणजे मातीतले चुंबकीय फरक टिपणारं यंत्र, फिरवल्यावर, कुदळ न मारता, त्यात चार पाकळ्यांचा एक आकार दिसला, जो जुन्या नकाशांत नव्हता. २०१४ मध्ये ते शेत लिलावात निघालं, तेव्हा तिथल्या निसर्ग-वारसा जपणाऱ्या संस्थांनी वर्गणी जमवून बोली जिंकली. पन्नास वर्षांपूर्वी कुणी उत्साहाने सगळं खणलं असतं तर यंत्राला वाचायला काय उरलं असतं?

‘खोदा आणि म्युझियममध्ये ठेवा.’ याचं उत्तर बडोदेकरांनी अमेरिकेत शोधायला नको. शामळाजीजवळच्या देवनी मोरीचा स्तूप आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९६० ते ६३ मध्ये खोदला, कारण मेश्वो धरण येणार होतं. बुद्धाचे अवशेष असलेली मंजूषा हाती लागली, ती विभागाने जपली. स्तूपाची जागा पाण्याखाली गेली. आज नवा प्रश्न पडला तर विचारायला ती जमीनच नाही. बडोद्यातल्या अकोट्याचंही तसंच. १९५१ मध्ये तिथे जैन कांस्यमूर्ती मिळाल्या, त्यांतल्या काही कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये बघता येतात. प्राचीन अंकोट्टकाच्या टेकाडावर मात्र शहर चढलं. आपण सगळे त्या बाजूने रोज जातो, आणि काही जण तिथे राहतातही.

राहिला शेवटचा, ‘आपल्याकडे करता येत नाही.’ हा अर्धा खरा. स्मारक विकत, भाडेपट्ट्याने वा दान म्हणून घ्यायची, मालकाशी करार करायची मुभा १९५८ चा कायदा सरकारला देतो. पण एखाद्या ट्रस्टने गुजरातेत शेतजमीन घ्यायची म्हटलं, तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कच्छ-सौराष्ट्राचे कायदे वेगळे, अडसर तोच. उद्योगांसाठी यातून वाट काढून दिलीच आहे. तशीच पुरातत्त्वासाठी मागायला हवी, असं माझं मत. तोवर ट्रस्टने मालकाशी साधा करार करून बघावा. टिंब्याची माती काढायची नाही, खोल नांगर घालायचा नाही, आणि बदल्यात दरसाल भरपाई. भाडेपट्टा नको, नाहीतर कुळाचं भूत दोघांच्याही मानगुटीवर. जमीन विकली गेली तर नव्या मालकाला असा करार पाळायला लावणं जड जाईल, हे धरूनच चालायचं.

आणि ज्यांच्या शेतात खरंच टिंबो आहे त्यांनी जेसीबीवाल्याला परत पाठवून आधी विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला फोटो दाखवावेत. खापरं पिशवीत भरून नेऊ नका, फोटो ती पडली आहेत तिथेच काढा.