कन्नड काढायला जाल, तर मराठीही जाईल

बेळगावात कॉम्प्युटरला दोन लिप्या यायलाच लागतात. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, लग्नपत्रिका मराठीत, आणि प्रिंट एकाच दुकानात. डेबियन (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम) अगदी मोजकंच टाकलं असेल तर वेबसाईटवरच्या उताऱ्यात अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. समोरचे काका आधी चष्मा पुसतात, मग आमची स्क्रीन पुसतात आणि शेवटी विचारतात, ‘काय करालाय हे?’ काही नाही काका, फॉण्ट नाही.

डेबियनमध्ये सॉफ्टवेअर आणि फॉण्ट ‘पॅकेज’ नावाच्या गाठोड्यांतून येतात, आणि ती आणायचं-काढायचं काम ‘ॲप्ट’चं. ‘सुडो’ म्हणजे मालकाच्या हक्कानं. सुरुवात ‘सुडो ॲप्ट अपडेट’ने. (कमांड रोमनमध्येच टाईप करायची. सगळी खटपट लिप्यांसाठी असली तरी टर्मिनलला, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीला, त्याचं सोयरसुतक नाही.) अपडेट म्हणजे रविवार पेठेत नुसते दर विचारून रिकामी पिशवी हलवत परत येणं. यादी ताजी होते, पदरात काही पडत नाही. माल येतो ‘अपग्रेड’ने. पण ते भिडस्त आहे: नव्यासाठी जुनं पॅकेज काढावं लागणार असेल तर त्याला हातच लावत नाही. ‘फुल-अपग्रेड’ला ही भीड नाही, म्हणून त्याची यादी चष्मा लावून वाचावी.

फॉण्टसाठी मी म्हणेन ‘फॉण्ट्स-केएनडीए’, म्हणजे कन्नडचं पॅकेज, एवढंच मागा. पण आपण पडलो हौशी, मागतो ‘फॉण्ट्स-इंडिक’. हे पॅकेज स्वतः रिकामं. त्याच्याकडे फक्त पाहुण्यांची यादी: बंगाली, देवनागरी, गुजराती, गुरुमुखी, कन्नड, मल्याळम, ओडिया, तमिळ, तेलुगू. खानापूरच्या मामांना जेवायला बोलवावं आणि दारात टेम्पो थांबावा, तसं.

त्यात कुलूप. ‘लॉक मिळत नाही’ म्हणून ॲप्ट अडून बसतं, कारण मागे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ गुपचूप सुरक्षेचे अपडेट घालत असतं. अशा वेळी कुणीतरी शहाणा सांगतो, ‘लॉकची फाईल उडव की.’ उडवू नका. दोघं एकाच वेळी डीपीकेजीच्या (ॲप्टच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम) वहीत लिहू लागले तर हिशेब कुणालाच लागत नाही. चहा प्या, दहा मिनिटं थांबा.

आणि नेमका वळीव येतो. लाईट जाते. डीपीकेजी आधी पॅकेज उलगडतं, मग त्याची मांडामांड करतं. लाईट या दोन्हींच्या मध्येच जाते. म्हणजे सामान घरात आलं, पण खोकी हॉलमध्येच. मशीन सुरू झाल्यावर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, म्हणजे राहिलेली मांडामांड पुरी होते. तरीही कुरकुर राहिली तर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. जुनी सेटिंगची फाईल ठेवू की नवी घेऊ, असं मध्येच विचारलं तर ‘डी’ दाबून फरक बघा. नुसतं एंटर दाबलं तर जुनी राहते.

खरी गंमत काढताना. पाहुण्यांचं काम झालं, डिस्क भरली, आता कन्नड फॉण्ट कशाला, असं मनात येतं. ‘ॲप्ट रिमूव्ह फॉण्ट्स-केएनडीए’. कन्नडचं पॅकेज निघतं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं फॉण्ट्स-इंडिकही निघतं. आता बाकी पाहुण्यांना बोलावणारा यजमानच घरात नाही. ‘आपोआप आलेली, आता गरज नसलेली’ अशी यादी ॲप्ट दाखवतं. त्यात सगळ्यांसोबत ‘फॉण्ट्स-देवा’, म्हणजे आपली देवनागरी, निमूट उभी असते. पुढे ‘ऑटोरिमूव्ह’, वाय, एंटर. कन्नड घालवायला बसलेल्यानं मराठीही घालवली, तीही स्वतःच्या हातानं! सीमाभागात एवढा मोठा विनोद करायची ॲप्टची काही इच्छा नव्हती, त्यानं फक्त नाती पाळली.

म्हणून काढण्याआधी ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल फॉण्ट्स-देवा’ एवढं करावं. मग ती पाहुणी राहत नाही, घरची होते. ‘रिमूव्ह -एस’ लिहिलं तर काही न काढता काय काय जाईल ते दिसतं. आणि आधीच गेलं असेल तर व्हार-लॉग-ॲप्ट या फोल्डरमधली हिस्टरी फाईल उघडावी. कुठल्या कमांडनं, कधी, काय काढलं, सगळं तारखेसह असतं. तिथून नाव उचलून पुन्हा इन्स्टॉल करा आणि ब्राउझर बंद करून उघडा. दुसरा देवनागरी फॉण्ट नसेल तर तोवर पत्रिकेत ‘यायचं हं’ऐवजी चौकोन असतात. काना-अनुस्वार धरून सात.