न जिंकणाऱ्याचा पगार

अमळनेरकडच्या आमच्या नातेवाइकांत सध्या सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणावरून जुंपली आहे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून काका म्हणतात, बंदच करा हे. चुलतभावाचं म्हणणं, बंद कशाला? पडताळणी कडक करा, पदक असेल त्यालाच नोकरी द्या. पहाटे अंधारात पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं ज्यानं पाहिली आहेत, त्याला दोघांचाही संताप कळतो.

मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि मला या वादात कोएन द कोर्ट आठवतो. जन्म १९८२चा, गाव गौडा, तेच चीजचं. २००५ ते २०२१ तो व्यावसायिक रोड सायकलपटू होता. स्वतःच्या नावावर विजय अगदी मोजके. त्याचं काम दुसऱ्याला जिंकवण्याचं. त्याचा संघसहकारी मार्सेल किटेलनं २०१३ आणि २०१४च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत प्रत्येकी चार टप्पे जिंकले, तेव्हा शेवटच्या किलोमीटरांत त्याच्यासाठी वारा कापणाऱ्या गड्यांत द कोर्ट होता. मे महिन्यात भुसावळ रस्त्यावर समोरच्या वाऱ्यात सायकल हाणलेल्याला हे वेगळं समजावायला नको: पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की मागच्याची बरीच ताकद वाचते. पुढचा अंतिम रेषेच्या अलीकडेच संपतो, हात मागचा वर करतो.

हे सांगितलं तर भावाचा पहिला प्रश्न, ‘मंग तो काय जिंकला?’ आपल्या निकषात हा माणूस बसतच नाही. पदक नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही, म्हणजे खेळाडूच नाही. इकडे त्याला पगार होता, कारण मोठ्या संघांतल्या सायकलपटूंचा किमान पगार नियमानं ठरलेला असतो. २०२१मध्ये अँडोरात गाडीच्या अपघातात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्यानंतर त्याच्या ट्रेक-सेगाफ्रेदो संघानं त्याला व्यवस्थापनात काम दिलं.

इकडे सगळं गोड आहे असं मात्र नाही. करार वर्ष-दोन वर्षांचे, पडलं की गळपट्टीचं हाड मोडतं, आणि प्रायोजक निघून गेला की अख्खा संघ रस्त्यावर. निवृत्तीनंतर प्रत्येकाला खुर्ची मिळते असंही नाही. सरकारी नोकरीची शाश्वती यात कुठंच नाही, हे मला काकांपुढे कबूल करावंच लागतं.

तरी पैसा सरकारचाच हवा, हे मला पटत नाही. जळगावात जैन इरिगेशननं कॅरम-क्रिकेटच्या खेळाडूंना पगारी ठेवलंच ना? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरणाऱ्याचं आपल्याला कौतुक. त्याला घाटापर्यंत वाऱ्याआड आणणाऱ्याला महिन्याला चार पैसे देणारे संघ उभे राहिले, तर निदान त्याला खोट्या कागदाची गरज पडणार नाही.

पुतण्या सायकल उत्तम चालवतो. पण भरती सोडून सायकल धर, असं मी त्याला आज सांगणार नाही. भरतीचं वय निघून गेलं तर त्याला पगारावर घेणारा संघ खान्देशात आज तरी एकही मला दिसत नाही.