अंगठा तुटला की...

चप्पल घरात तुटत नाही. ती बेळगावच्या गणपत गल्लीत, भर गर्दीत, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात कुंद्याचा डबा असतानाच तुटते. तुटतो तो अंगठा. पट्टा बिचारा शेवटपर्यंत इमान राखतो. मग पाऊल न उचलता फरफटत न्यायचं आणि आपण मुद्दामच सावकाश चाललोय असा चेहरा करायचा. फुलवाली मावशी हे सोंग तीन पावलांत ओळखते आणि न मागता गजऱ्याचा दोरा पुढे करते. घेऊ नये. केळीच्या सोपाचा दोरा तो, खडे बाजार येईपर्यंतसुद्धा टिकत नाही.

छत्रीखाली चप्पल शिवणारे मामा सापडले की बदली चप्पल मिळते. ती नेहमी दोन नंबर मोठी आणि दुसऱ्या पायाची असते. ती घालून आपण बगळ्यासारखे उभे, आणि ओळखीचा प्रत्येक माणूस नेमका तेव्हाच तिथून जाणार!

'किती होतील?' असं मी कन्नडमध्ये विचारतो, मामा मराठीत सांगतात. घासाघीस करताना दोघेही भाषा बदलतो. दर तेवढा बदलत नाही.

खरी परीक्षा सोल्यूशनची. दोन्ही बाजू कानशीनं खरवडायच्या, पातळ हात मारायचा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, दहाएक मिनिटं, गप्प बसायचं. गिऱ्हाईक तिसऱ्या मिनिटाला "झालं काय?" म्हणतं. "होतंय खरं, वाळू द्या की!" तरी घाई केली तर ओलंच दाबलं जातं आणि दोन दिवसांत तळ जबडा उघडतो. जुलैत तर कातडंच ओलं, त्यावर सोल्यूशन धरतच नाही. तेव्हा आरी आणि मेणाचा दोराच खरा.

चप्पल कोल्हापुरी असेल तर खिळा मारू देऊ नका. ती मुळात चामड्याच्या वादीनं शिवलेली असते. भिजली तर सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली की तडकते. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. आमच्या अथणीच्या चपला काही कमी नाहीत. दोन्ही राज्यांत इतकी सरळ वाटणी आजवर फक्त पायांनाच जमली आहे.

साध्या चपलेला मात्र खिळा चालतो. त्या बारीक खिळ्याला म्हणतात चूक. मामांच्या चुका डबीत मापाप्रमाणे लावलेल्या असतात. एवढी शिस्त आमच्या चुकांना नाही. चूक तळापेक्षा लांब निघाली तर तिचं टोक ऐरणीवर वळवावं लागतं, म्हणून पैसे देण्याआधी आतून अंगठा फिरवून बघावा. हाताचा. पायाचा अंगठा ते काम घरी पोहोचेपर्यंत करतोच, पण ओरडून.

पैसे देऊन निघावं तर मामा दुसऱ्या पायाकडे बघत असतात. अंगठा दोन बोटांत धरून हलकेच ओढतात.

"ही बी आठ दिसात जातीय बघा."