नुकसान पण मोजायला पाहिजे होतं
कोरोनातला लॉकडाऊन गरजेचाच होता, नुकसानीची चर्चा आता कशाला, असं एका लेखात म्हटलंय, ते मला नाही पटलं. २५ मार्च २०२० ला सगळं बंद झालं तेव्हा आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाडकडं द्राक्षाचा हंगाम चालू होता, मामांच्या बागेत माल तयार पण मजूर नाही, गाडी नाही, व्यापारी फोन उचलेना, शेवटी मामी आणि आम्ही पोरांनी घड तोडून बेदाण्याला टाकले, मामा नुसते बांधावर बसून होते. आणि मुंबई-आग्रा हायवेवरून परराज्यातली मजूर लोकं गावाकडं चालत निघालेली, डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, नाशिकरोडवरून भोपाळची श्रमिक ट्रेन, म्हणजे मजुरांना गावी नेणारी खास गाडी, सुटली ती थेट १ मे ला, म्हणजे ५ आठवडे त्यांनी खायचं काय?

निर्बंध नकोच होते असं मी म्हणत नाहीये, एप्रिल २०२१ मध्ये काकांच्या ऑक्सिजन बेडसाठी मी स्वतः रात्रभर वणवण फिरलोय. पण मार्च २०२१ ला आपल्या नाशिकमध्ये गर्दी कमी व्हावी म्हणून बाजारात जायला तासाला ५ रुपयांची पावती लावली होती, गैरसोय झाली पण दुकानं तर चालू राहिली ना. असं काही आधीच सुचायला पाहिजे होतं, निदान शाळांसाठी तरी. शेजारची तिसरीतली पोरगी बापाच्या एका मोबाईलवर शिकत होती, तो कामावर गेला की हिची शाळा बंद.