५९ मॅच दिसतात, त्याचा खांदा कुणाला दिसत नाही

परवा मुलाच्या लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या, मॅचला शेजारी बसलेल्या एका बाबांनी नेहमीचं पालुपद लावलं, हल्लीची पोरं नाजूक, पूर्वीचे पिचर बघा कसे दणकट होते. आणि आम्ही राहतो इलिनॉयच्या ब्लूमिंग्टनमध्ये, म्हणजे जुन्या काळचा पिचर चार्ल्स रॅडबर्न याचं नाव निघणारच. 'ओल्ड हॉस', म्हातारा घोडा. तो याच गावात वाढला, इथेच गेला, एव्हरग्रीन स्मशानभूमीत त्याची कबर आहे. खाटकाचा मुलगा, स्वतःही ते काम केलेलं.

१८८४ साली प्रॉव्हिडन्स ग्रेज या टीमसाठी त्याने एका सीझनमध्ये ५९ मॅच जिंकून दिल्या (काही ठिकाणी ६० लिहितात). ६७८ इनिंग टाकल्या (बेसबॉलच्या एका मॅचमध्ये एक टीम साधारण नऊ इनिंग टाकते). आज एखाद्या पिचरने वर्षात २०० टाकल्या तरी लोक कौतुक करतात. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगते, पिचर म्हणजे आपला बॉलर समजा, पण ओव्हर संपली म्हणून बॉल दुसऱ्याकडे जात नाही, त्या काळी तर एकच माणूस पहिल्या बॉलपासून शेवटपर्यंत टाकायचा. पिचिंगचं अंतर तेव्हा ५० फूट होतं, आजच्यासारखं साडेसाठ नाही, हे मान्य. तरीही.

पण हे झालं कसं ते कुणी सांगत नाही आणि मला राग त्याचाच येतो. टीममध्ये मुख्य पिचर दोन होते, हा आणि चार्ली स्वीनी, दोघांचं पटायचं नाही. जुलैमध्ये मुद्दाम वाईट टाकतो म्हणून रॅडबर्नला सस्पेंड केलं. थोड्याच दिवसांत स्वीनी मॅनेजरशी भांडून चालू मॅचमधून निघून गेला, त्याला काढलं, टीम बंद करायची वेळ आली. तेव्हा रॅडबर्न म्हणाला, उरलेल्या मॅच मी टाकतो, पण पैसे वाढवा आणि सीझन संपला की मला मोकळं करा. कारण तेव्हा 'रिझर्व्ह' नावाचा नियम होता, करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा, दुसऱ्या टीमकडे जायचं नाव काढायचं नाही. स्वतःच्या पायातली बेडी सोडवायला त्या माणसाने हात पणाला लावला हो! तिथून विजेतेपद नक्की होईपर्यंतच्या ४३ पैकी ४० मॅच त्याने सुरू केल्या, त्यात सलग १८ जिंकल्या.

हाताची अवस्था अशी की सकाळी केस विंचरायला तो वर जायचा नाही असं सांगतात. मग लवकर ग्राउंडवर यायचं, आधी दोनचार पावलांवरून हळूच बॉल टाकायचा, दुखत दुखत थोडं मागे सरायचं, पुन्हा टाकायचा, असं करत करत खांदा सुटेपर्यंत. आणि मग पूर्ण मॅच. याला दणकटपणा म्हणून टाळ्या वाजवायच्या? मला तर तो भाग वाचताना माझाच खांदा दुखतो.

टीम चॅम्पियन झाली, मग दुसऱ्या लीगचे चॅम्पियन न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स यांच्याविरुद्धच्या तिन्ही मॅच यानेच जिंकून दिल्या. पुढच्या वर्षी तो प्रॉव्हिडन्सलाच राहिला, पण वाढीव पैशावर. मग बॉस्टन, १८९१ ला सिनसिनाटीत शेवट. १८९० मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध स्वतःची प्लेअर्स लीग काढली तेव्हा हा त्यांच्यात होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नंतर इथे त्याचा दारूचा गुत्ता होता, शिकारीत गोळी लागून एक डोळा गेला, लोकांत येणं टाकलं, आणि १८९७ साली ४२ व्या वर्षी गेला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं १९३९ मध्ये.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याच्या गटाला दिवसाला ८५ पिचची (टाकलेल्या बॉलची) मर्यादा, ६६ किंवा जास्त झाल्या तर ४ दिवस विश्रांती सक्तीची. एक काका क्लिकर घेऊन मोजत बसतात. त्या दिवशी आकडा भरला, कोचने बॉल काढून घेतला, पोरगा रडकुंडीला आला, शेजारचे बाबा म्हणाले अजून एक इनिंग टाकू द्यायची होती. मी त्यांना सरळ 'नाही' म्हटलं आणि मुलाला बर्फाची पिशवी द्यायला खाली उतरले.